तोकडा आर्बर आणि बाकीची इटालियन दुखणी

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट बंदुका चांगल्या की वाईट यावर नाहीये, त्या भांडणासाठी फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. ही पोस्ट फिटिंगवर आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कोल्ट-रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांच्या डिझाइनची नक्कल आजच्या सीएनसी मशीनवर करताना काय काय राहून जातं आणि ते घरच्या गॅरेजमध्ये, एक व्हाइस, चार कानशी आणि एक व्हर्नियर घेऊन कसं दुरुस्त करता येतं, एवढाच विषय. मी राहतो कोलंबस, इंडियानामध्ये. इथे एवढे पुणेकर कशाला आले हे डिझेल इंजिनवाल्यांना सांगायला नको. इथून गाडीने थोडं पुढे गेलं की फ्रेंडशिप नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची रेंज आहे, आणि हा किडा मला तिथूनच चावला.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही रिव्हॉल्व्हरं काडतुसाची नाहीत, 'कॅप अँड बॉल'. कोकणातल्या लोकांनी ठासणीची बंदूक बघितलेली असते, तोच सगळा कारभार, फक्त फिरत्या सिलिंडरच्या सहा खणांत सहा वेळा. पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोल गोळी, मग नळीखालची दांडी खाली ओढून गोळी आत दाबायची, आणि मागच्या बाजूला प्रत्येक खणाला एक निपल असतं त्यावर तांब्याची बारीक टोपी म्हणजे कॅप बसवायची. हॅमर, म्हणजे अंगठ्याने मागे ओढायची हातोडी, कॅपवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते, मग धूर, आणि मग शेजाऱ्याचं टार्गेट कुठाय तेच दिसत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या फेडरल कायद्यात असली जुनी आणि त्यांच्या नकला 'फायरआर्म'च्या व्याख्येत येत नाहीत म्हणून सोपं पडतं, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत ते ज्याचे त्याने बघावे. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी हे नुसतं मेकॅनिझम म्हणून वाचा.

तर नकला बनतात कुठे, तर जवळजवळ सगळ्या इटलीत, ब्रेशिया प्रांतात. व्हाल ट्रॉम्पिया नावाच्या दरीतल्या गार्दोने गावात बंदुकांचं काम शेकडो वर्षं चालू आहे, बेरेटाचा १५२६ सालचा नळ्यांच्या ऑर्डरीचा कागद तिथलाच. अमेरिकन सिव्हिल वॉरला शंभर वर्षं होणार म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी व्हॅल फोर्जेट नावाचा अमेरिकन माणूस कोल्टच्या नेव्ही मॉडेलची नक्कल करून घ्यायला तिकडे गेला आणि धंदा सुरू झाला. आल्डो उबेर्टीने १९५९ मध्ये कंपनी काढली, पिएट्टा थोडी नंतर, ती जवळच्या गुस्सागो गावात. आज बाजारात दिसणारी बहुतेक सगळी १८५१ नेव्ही, १८६० आर्मी आणि १८५८ रेमिंग्टन या दोन नावांपैकी एकाची असतात. नळीखाली किंवा फ्रेमवर चौकटीत दोन अक्षरं कोरलेली दिसतील, तो इटालियन प्रूफ हाऊसचा (बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा) वर्षाचा कोड, एए म्हणजे १९७५, एबी म्हणजे १९७६ असा पुढे चालतो. शेजारी पीएन असा शिक्का, म्हणजे पोल्व्हेरे नेरा, काळी दारू. हा शिक्का शोभेचा नाही. यात स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू, चिमूटभरसुद्धा घालायची नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

आता मुद्दा. लोक म्हणतात स्वस्तातलं इटालियन लोखंड, म्हणून त्रास देतं. मला हे अजिबात पटत नाही. आजचं स्टील १८५१ च्या लोखंडापेक्षा कितीतरी बरं आहे आणि मशीनिंगही वाईट नाही. जे राहून जातं ते शेवटचं हाताचं काम. कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यात मशीनवर पार्ट निघायचे हे खरं, एलिशा रूटने तिथे जी मशीनं उभी केली त्यांचं जगभर कौतुक झालं, पण शेवटी बाकावर कानस घेऊन बसलेली माणसं होतीच, प्रत्येक रिव्हॉल्व्हर जुळवून, घासून, चालवून बघणारी. आज ते तास कोणी देत नाही, कारण दिले तर किंमत दुप्पट होईल आणि मग मीही घेणार नाही. त्यामुळे डब्यातून बाहेर काढलेलं नवं रिव्हॉल्व्हर हा तयार माल नाही, नव्वद टक्के झालेला जॉब आहे असं समजून चाला, म्हणजे चिडचिड होत नाही.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तोकडा आर्बर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात आणि लोक भलतीकडेच औषध लावत बसतात.

कोल्टच्या डिझाइनमध्ये वरती पट्टी नाही, सिलिंडरचं डोकं उघडं. फ्रेममधून पुढे एक जाड दांडा येतो, तो आर्बर. त्यावर सिलिंडर फिरतो, आणि त्याच आर्बरवर पुढून नळीचा खालचा ठोकळा चढतो. ठोकळ्यात आणि आर्बरमध्ये आरपार खाच, त्यात डावीकडून पाचर ठोकायची. खाली फ्रेमला दोन बारीक पिना, त्या ठोकळ्यातल्या दोन भोकांत बसतात. संपला विषय, एवढ्यावर अख्खी नळी उभी. ऐकायला डगमगीत वाटतं पण मूळ कोल्टमध्ये आर्बरचं पुढचं टोक ठोकळ्यातल्या भोकाच्या तळाला जाऊन टेकायचं. म्हणजे पाचर नळीला मागे ओढते, आर्बरचं टोक तिला पुढे ढकलून धरतं, आणि दोघांच्या ताणात सगळं एकजीव होतं. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारल्यावर पातं जसं हलत नाही तसं.

बऱ्याच नकलांमध्ये आर्बर भोकाच्या तळापर्यंत पोचतच नाही. थोडाथोडका नाही, इंचाचा दहावा भाग वगैरे सुद्धा कमी असू शकतो. मग पाचर जितकी ठोकाल तितकी नळी मागे सरकत जाते, कारण तिला अडवायला काहीच नाही, फक्त खालच्या बाजूला फ्रेमवर ठोकळा टेकतो. म्हणजे खाली टेकलंय, वर मोकळं, मध्ये ओढणारी पाचर, तर नळी चक्क तिरकी होते, वरची बाजू सिलिंडरकडे कलते. पाचर एका ठोक्याने आत गेली तर नळी आणि सिलिंडरमधला गॅप सहा थाऊ, दोन ठोक्यांनी गेली तर शून्य आणि सिलिंडर जाम. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपवाल्यांना सांगायची गरज नाही.) दर वेळी साफ करून परत जोडलं की गोळी वेगळ्याच ठिकाणी. त्यात भर म्हणजे प्रत्येक बाराला नळी पुढे झटका मारते आणि पाचर, आर्बरची खाच, सगळं हळूहळू चेपत जातं. आणि लोक काय करतात, तर लाकडी हातोडीने पाचर अंदाजाने ठोकून "याला जरा हातच बसायला लागतो" म्हणतात. हात कसला बसतोय.

बाबा किर्लोस्करवाडीला फिटर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर नळी काढून दाखवली तर त्यांना इतिहासात काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, दांडा तळाला टेकतोय का? तळच लागत नसेल तर पाचर कशाच्या जिवावर ओढणार?" बास, याच्यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

तपासायची पद्धत एकदम सोपी, कुठलंही हत्यार लागत नाही. आधी सगळे खण रिकामे आहेत, निपलवर कॅप नाही, हे दोनदा बघा. मग पाचर काढा, नळी काढा, सिलिंडर बाजूला ठेवा. आता नुसती नळी आर्बरवर परत घाला पण सरळ नाही, कडेला फिरवून, म्हणजे खालचा ठोकळा फ्रेमच्या समोर न येता तिच्या बाजूला येईल अशी, आणि तळ लागेपर्यंत सरकवा. ठोकळ्याची मागची कड फ्रेमच्या पुढच्या कडेच्या बरोबर रेषेत आली तर आर्बर बरोबर. ठोकळा फ्रेमच्या पुढच्या कडेवरून मागे गेला, दोघं एकमेकांच्या बाजूला आले, तर जितका गेला तितका आर्बर तोकडा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) किंवा व्हर्नियरने मोजून ठेवा.

उपाय तीन-चार आहेत. सगळ्यात गावठी म्हणजे भोकाच्या तळाशी बारीक स्टीलचे वॉशर टाकत जायचे, कडा जुळेपर्यंत. चालतं, खरंच चालतं, फक्त साफ करताना ते वॉशर पडून हरवतात म्हणून शेवटी इपॉक्सीने चिकटवून टाकायचे. दुसरा उपाय म्हणजे भोकाच्या मापाची स्टीलची छोटी गोळी (तुकडा या अर्थाने, झाडायची गोळी नव्हे) लेथवर टर्न करून तळाशी कायमची बसवायची, लांबी थोडी जास्त ठेवून मग घासत घासत मापात आणायची. मला हाच आवडतो, एकदा केलं की विसरून जा. तिसरा म्हणजे आर्बरच्या टोकाला मधोमध ड्रिल मारून आटे पाडायचे आणि त्यात सेट स्क्रू, म्हणजे मागेपुढे करता येतो. इथले बरेच चांगले गनस्मिथ हेच करतात, पण त्याला ड्रिल प्रेसवर आर्बर अगदी सरळ धरता आला पाहिजे, हातातल्या ड्रिलने हा उद्योग करू नका, आर्बर फ्रेममध्ये घट्ट बसवलेला असतो आणि तो वाकडा केला तर फ्रेमच गेली.

तळ लागला की मग खरा गॅप कळतो. सिलिंडर परत घाला, पाचर दाबा, सिलिंडर मागे ढकलून नळी आणि सिलिंडरमध्ये फिलर गेज घाला. तीन ते सहा थाऊ मिळाला तर देवाला नमस्कार करा. काळ्या दारूची काजळी जाड असते, दोनच्या खाली गेलात तर दोन सिलिंडर झाडल्यावर जाम होणार. जास्त निघाला तर तळाची गोळी आणि ठोकळ्याचा फेस दोन्ही एकेक थाऊने उतरवायचे, कमी निघाला तर तळाची गोळी वाढवायची. पाचरेचं मात्र आता एकच काम उरतं, ओढून धरणं. अंगठ्याने दाबून आणि वर एक हलका ठोका, तिची स्प्रिंगवाली जीभ उजवीकडे जराशी डोकावली की झालं. पाचरेवरचा तो स्क्रू, त्याने पाचर किती आत जाईल ते ठरवायचं असतं असं फार लोकांना वाटतं. तसं नाहीये, तो फक्त पाचर काढताना पूर्ण निघून हरवू नये म्हणून आहे.

अलीकडे एका कारखान्याचे आर्बर बऱ्यापैकी बरोबर येतात म्हणे, दुसऱ्याचे अजून तोकडेच. नाव घेत नाही, स्वतः मोजा.

पुढचं दुखणं मूळ कोल्टचंच आहे, त्यात इटलीवाल्यांचा दोष नाही. कॅप जाम. बार झाला की तांब्याची कॅप फुटते, हॅमर मागे ओढताना तिचा तुकडा हॅमरला चिकटून मागे येतो आणि हॅमर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत पडतो. मग एक तर हॅमर पूर्ण पडत नाही किंवा तुकडा आत मेकॅनिझममध्ये जाऊन बसतो आणि अख्खं खोलावं लागतं. जुने घोडदळवाले यावर काय करायचे तर हॅमर ओढताना नळी आकाशाकडे करायची, तुकडा आपोआप मागे-बाजूला पडून जाईल. आजही रेंजवर म्हातारे नेमबाज असंच करताना दिसतात, बघणाऱ्याला स्टाइल वाटते.

कॅप हॅमरला चिकटते का, तर हॅमरच्या तोंडात एक खाच असते. कोल्टने सिलिंडरच्या मागे निपलांच्या मध्ये बारीक पिना ठेवल्या, त्यावर ही खाच बसवून हॅमर टेकवायचा म्हणजे सहाही खण भरलेले ठेवून फिरता येईल. कल्पना चांगली, पण बार झाला की कॅपचं मऊ तांबं त्या खाचेत फुगून शिरतं आणि पकडून बसतं. यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे कॅप रेक, हॅमर जिथून खाली येतो त्या फटीत फ्रेमला एक छोटी उभी पिन बसवायची, हॅमर मागे जाताना ती पिन त्याच्या खाचेतून जाते आणि चिकटलेली कॅप तिथेच खरवडून अडवते. काम नाजूक आहे पण निकाल लगेच दिसतो. दुसरा सोपा उपाय, खाच वेल्डने भरून गुळगुळीत करायची. मग पिनांची सेफ्टी गेली, म्हणजे पाचच खण भरायचे आणि हॅमर रिकाम्यावर, जे तसंही करावंच.

पण त्याच्याही आधी निपल बघा. कारखान्यातून येणाऱ्या निपलांचं ठिणगीचं भोक बरेचदा मोठं असतं, त्यामुळे खणातला दाब उलटा मागे येतो आणि कॅपला हॅमरसकट उडवतो. ट्रेसो कंपनीची ब्राँझची निपलं मिळतात त्यांचं भोक लहान असतं, स्लिक्स-शॉट म्हणून आहेत त्यांना बाजूला वेंट असतात म्हणजे दाब बाजूने निघून जातो, दोन्ही चांगली. घेताना आटे जुळवून घ्या, इटालियन रिव्हॉल्व्हरांत बहुतेक वेळा मिलिमीटरचे आटे असतात. आणि कॅपचा नंबरही निपलला जुळला पाहिजे, १० नंबरच्या निपलवर ११ नंबरची कॅप चिमटीत चेपून बसवणारे बरेच आहेत, चेपलेली कॅप झटक्याने निघून पडते आणि मग शेजारच्या खणाला मागून आग लागायचा रस्ता मोकळा. एका बाराला दोन-तीन खण एकदम उडतात त्याला इथे चेन फायर म्हणतात, लोक गोळीवर ग्रीस थापून निश्चिंत होतात, पण कॅप सैल असेल तर पुढच्या ग्रीसचा काय उपयोग.

इथेच एक गंमत. नवीन रिव्हॉल्व्हरची मेनस्प्रिंग फार कडक असते, अंगठा दुखतो, म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात ती घासून हलकी करतात. मग हॅमर हलक्या हाताने निपलवर बसतो, बाराचा उलटा दाब त्याला सहज उचलतो, आणि कॅप जाम डबल. मग म्हणतात निपल खराब. स्प्रिंग हलकी करायची तर निपल बदलल्यावर करा, आणि कडेने अरुंद करा, जाडी कमी करू नका, आणि घासल्याच्या रेषा लांबीच्या दिशेने राहू द्या. आडव्या रेषेवर पट्टी तुटते, हे स्प्रिंग बनवणारा कोणीही सांगेल.

हॅमर आणि निपलमधलं अंतर हाही एक छुपा प्रकार. हॅमर पूर्ण खाली आला तरी निपलला टेकता कामा नये, तीन-चार थाऊ मोकळे हवेत, कॅपच्या तांब्याची जाडी तेवढं भरून काढते. नकलांमध्ये हॅमर सरळ निपलवर आदळताना दिसतो, मग निपलांची टोकं कुत्र्याच्या छत्रीसारखी चपटी होतात आणि कॅप पूर्ण बसत नाही. सहाही निपलं एका उंचीला ऑइल स्टोनवर आणायची, घाई न करता. बाकी, कॅप न लावता रिकामा हॅमर पाडायची सवय असेल तर ती सोडा.

टायमिंगचं थोडक्यात सांगतो, नाहीतर यावरच वेगळी पोस्ट होईल. हॅमर ओढला की हँड नावाची पट्टी सिलिंडरला ढकलून फिरवते आणि खालून बोल्ट वर येऊन सिलिंडरच्या खाचेत अडकतो. अंगठ्याने अगदी सावकाश हॅमर ओढा, दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला हलका ब्रेक लावून. हॅमर फुल कॉकवर टक् झाला आणि बोल्ट त्याच क्षणाला खाचेत पडला तर उत्तम. हॅमर अडकला पण सिलिंडर थोडा मागेच राहिला तर हँड आखूड, तो नवा घ्या किंवा टोकाकडे हलक्या हातोडीने ताणून लांब करा. उलट सिलिंडर लॉक झाला आणि हॅमर अजून ओढावा लागतोय तर हँड लांब, सगळा जोर खाचेवर येतो, टोक स्टोनवर घ्या, दोन घासे आणि परत बघा. जोरात ओढल्यावर सिलिंडर पुढच्या खाचेवरून पळून जात असेल तर बोल्ट उशिरा सुटतोय. त्याचा जो पाय हॅमरच्या कॅमवर चढतो त्याचं टोक किंचित घासलं की तो लवकर सुटतो, आणि फार घासलं तर इतका लवकर सुटतो की सिलिंडरभोवती अंगठीसारखी ओरखड्याची रेघ पाडत बसतो. अशी रेघ असलेली सेकंडहँड रिव्हॉल्व्हरं ढिगाने दिसतात, कोणाच्या तरी कानशीची सही आहे ती.

स्प्रिंगा तुटतात. हँडच्या पाठीत ठोकलेली बारीक पट्टीची स्प्रिंग ही पहिली जाते, आणि तिच्यावर इथे एक प्रसिद्ध देशी इलाज आहे, केसांना लावायचा काळा आकडा. खरंच. आकडा मोडायचा, मापाचा तुकडा हँडच्या खाचेत बसवून वरून चेपायचा, वर्षानुवर्षं चालतो. आमच्या घरचे आकडे गायब व्हायला लागले तेव्हा बायकोने मला वेगळं पाकीटच आणून दिलं. दुसरी जाते ती बोल्ट आणि ट्रिगर दोघांना दाबणारी दोन पायांची पट्टी, ती दोन पायांच्या मधल्या बेचक्यात चिरते कारण तिथे पंचिंगचा धारदार कोपरा तसाच सोडलेला असतो. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. नवी पट्टी बसवायच्या आधी तो कोपरा गोल करून पॉलिश करा आणि कडांचे बर (वर आलेली धारदार कोर) काढा, नाहीतर सरळ तारेची स्प्रिंग मिळते ती लावा.

अचूकतेची तक्रार असेल आणि आर्बर झाला असेल तर मग खण मोजा. नकलांमध्ये सिलिंडरच्या खणाचं तोंड नळीच्या चरांच्या (आतल्या पीळदार खाचांच्या) व्यासापेक्षा लहान असणं अगदी कॉमन आहे, .४४ कॅलिबरमध्ये चार-पाच थाऊ सुद्धा. गोळी मऊ शिशाची, ठासताना तिची कड सोलून अंगठी निघते, म्हणजे ती खणाच्या मापाची होते, आणि मग तिच्यापेक्षा ढगळ नळीतून जाते. चर पकडणार कसे? मोजायला नळीतून तेल लावून शिशाची गोळी ढकलून काढायची आणि मायक्रोमीटर लावायचा. पण नळीत ७ चर असतील, जसे मूळ कोल्ट नेव्हीत होते, तर समोरासमोर चर येत नाही आणि साधा मायक्रोमीटर खोटं सांगतो, व्ही अ‍ॅन्व्हिलवाला लागतो. उपाय म्हणजे खण रीम करून चरांच्या मापाला आणणं, आणि हे काम मी स्वतः करत नाही, बाहेरून करून घेतो. सहा भोकं एका मापात, एका रेषेत, आणि बोल्टच्या खाचेखालची भिंत आधीच पातळ, तिथे हौस नको.

मग रेमिंग्टन घ्यावं का? वरती पट्टी, अख्खी बंद फ्रेम, पाचर नाही, आर्बरची कटकट नाही. नवख्याला मी तेच सांगतो. पण त्याचं स्वतःचं दुखणं आहेच, सिलिंडर ज्या पिनवर फिरतो ती बारीक आणि गुळगुळीत, आणि गॅपमधून येणारी काजळी थेट तिच्यावर बसते, थोड्याच बारांत सिलिंडर जड फिरायला लागतो. कोल्टचा आर्बर जाड आणि त्यावर ग्रीस धरायला चर कापलेले, म्हणून तो बराच वेळ चालतो. रेमिंग्टनच्या पिनला लेथवर दोन-तीन उथळ चर पाडून त्यात घट्ट ग्रीस भरलं की फरक पडतो, आणि पेट्रोलियम ग्रीस नको, काळ्या दारूबरोबर त्याचा डांबरासारखा चिकटा होतो, मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल असलेलं घ्या.

पितळी फ्रेमवाली दिसायला फार देखणी आणि सगळ्यात स्वस्त, म्हणून नवीन माणूस हमखास तीच उचलतो. पितळी फ्रेमचा इतिहास खरा आहे, सिव्हिल वॉरमध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत लोखंडाची टंचाई होती म्हणून जॉर्जियात ग्रिस्वोल्ड अँड गनिसनने १८६२ ते १८६४ मध्ये अशी बनवली, पण ती .३६ ची होती. आज .४४ च्या पितळी 'नेव्ही' विकतात, तसली कोल्टने कधीच बनवली नाही. जास्त दारू घातली की सिलिंडर मागे आपटून पितळावर त्याच्या दात्यांचा ठसा उमटतो आणि आर्बर फ्रेममध्ये ढिला होतो, आणि एकदा ढिला झाला की फार काही करता येत नाही. असलीच घरात तर .४४ मध्ये २० ग्रेन दारूच्या पुढे जाऊ नका. यावर अजून वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

कोल्टच्या वॉकर मॉडेलची नक्कल असलेले विचारतात बार झाला की ठासायची दांडी खाली का पडते. १८४७ च्या मूळ वॉकरचीही पडायची, नक्कल इतकी प्रामाणिक आहे. कोल्टने पुढच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये दांडीच्या टोकाला पकड दिली. वॉकरवर चामड्याची वादी बांधा, तेव्हाही बांधायचे असं म्हणतात.

स्क्रूबद्दल एवढंच, उतरत्या टोकाचा घरगुती स्क्रूड्रायव्हर लावू नका, डोकी मऊ असतात, पहिल्याच फिरकीत खाच फाटते. समांतर टोकाचे गनस्मिथचे बिट घ्या.

राहिली साइट. कोल्टची मागची साइट म्हणजे हॅमरच्या टोकातली व्ही खाच, आणि पुढे पितळेचा इवलासा मणी. २५ यार्डांवर गोळी बरीच वर जाते, कधी फूटभर. काही जण हॅमरची खाच खोल करतात, थोडा उपयोग होतो, पण खोलवर जाल तर हॅमरचं टोकच कमजोर होतं. त्यापेक्षा पुढचा मणी काढून तिथे मुद्दाम उंच साइट बसवायची, इतकी उंच की गोळी टार्गेटच्या खाली लागेल, मग रेंजवर पाच-पाच बार काढायचे आणि मध्ये मध्ये कानशीने ती साइट थोडी थोडी उतरवायची, गोळी वर चढत येते. मध्यावर यायच्या जरा आधीच थांबा, कडा गोल करताना अजून थोडी उतरतेच. आणि रेंजवर कानस घेऊन बसणार असाल तर रेंज ऑफिसरला आधी सांगून ठेवा, फायरिंग लाइनवर कोणी बंदूक घासताना दिसलं की ती माणसं धावत येतात.